सूचकाची सही

बोरठाण, ता. भोकरदन
१५ ऑगस्ट १९७२

प्रिय तातेराव,

पाकिटाच्या मागे माझं नाव मुद्दामच घातलं नाही. घातलं असतं तर पत्र फुटण्याआधी चुलीत गेलं असतं. आता फुटलंच आहे, तर वाचून मग चुलीत घाला. तेवढीच विनंती.

पाच वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याने आधी क्षेमकुशल विचारावं की आधी क्षमा मागावी, याबद्दल माझ्या शास्त्रांत काही सापडलं नाही. म्हणून दोन्ही बाजूला ठेवून बातमी सांगतो.

आज स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव झाला. झेंडा वर गेला, खाली धूळ उडाली. पाऊस नाही. मृगापासून ढग येतात, गावाची पाहणी करतात आणि तहसीलदारांसारखे निघून जातात. त्याच धुळीत शालेय मंत्रिमंडळाचा शपथविधी उरकला. ते खातं पूर्वी तुमच्याकडे होतं. तुम्ही जालन्याला गेल्यापासून ते माझ्या गळ्यात आहे.

यंदाची मुख्यमंत्री कोण, ओळखा. कडूबाची बेबीनंदा. तुमच्या वस्तीतली, तुम्ही राहायचात त्या खोलीपासून तिसरं घर. सहावीत असताना तुमच्या कंदिलापाशी गणितं घेऊन बसायची तीच. आता अकरावीत आहे, मार्चमध्ये मॅट्रिकला बसेल. तिच्या विरुद्ध सरपंचांचा पुतण्या शिवाजी उभा होता, त्याने आदल्या दिवशी माघार घेतली. का घेतली ते मलाही कळलं नाही.

शपथ घेताना तिची जीभ टाळ्याला चिकटली. "मी... मी..." करत राहिली. पोरं हसायला लागली. आपले हेडमास्तर रामकिसनराव म्हणाले, "अगं बाई, जोरात बोल की. मंत्री झालीस तू, गुन्हेगार न्हाईस!" मग तिने शपथ घेतली, ती पहिल्या रांगेलाही ऐकू गेली नाही. मी मनात म्हटलं, उत्तम. वर्ष शांततेत जाईल.

कार्यक्रम संपल्यावर कडूबा भेटला. तो आणि त्याची बायको केशरबाई, दोघंही सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडतात, तिथे मजुरीसोबत खायला सुकडी वाटतात. पोरगी वस्तीत आत्याकडे असते. म्हणाला, "गुर्जी, हिला बी खडीवर न्यायची ठरलं होतं. दोन हात जास्तीचे आले की सुकडीचं माप जास्तीचं येतं. पन आता म्हनं मंत्री झाली. मंत्र्याला खडी फोडाया लावली तर लोक माझ्या तोंडात शेन घालतील. ऱ्हाऊ द्या साळंत. जवर मंत्री हाय तवर ऱ्हाऊ द्या."

म्हणजे शाळेच्या ज्या पदाला आपण सगळे खेळ समजतो, त्या पदावर एका मुलीची मॅट्रिक टांगली आहे. मी त्याला "बरं" म्हणालो. 

दुर्गाबाईंनी भावजींना नमस्कार सांगितलाय. त्यांची पाठ आता बरी आहे. जवळजवळ पाच वर्षांपासून बरी आहे.

तुमचा (हा शब्द अजून चालत असेल तर),
वामन

*

बोरठाण
२१ सप्टेंबर १९७२

प्रिय तातेराव,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही. याचा अर्थ पोस्टाने आपलं काम केलं.

तुमच्या विद्यार्थिनीचं सांगतो. भोकरदनला वक्तृत्व स्पर्धा होती, विषय 'राष्ट्रउभारणीत युवकांचे स्थान'. भाषण मी लिहून दिलं. चांगलं होतं, एकेका वाक्यात चार चार समास होते. आठ दिवस तिने ते पाठ केलं. रोज सकाळी वस्तीपासून शाळेपर्यंत म्हणत यायची. वाटेतल्या शेरड्यांनाही पाठ झालं असेल.

व्यासपीठावर गेली, "आदरणीय परीक्षक" म्हणाली आणि थांबली. दोन मिनिटं थांबली, तातेराव. मी घड्याळात पाहिलं. माझ्या शेजारी बसलेले भोकरदनचे मास्तर पुटपुटले, "गेलं." तेवढ्यात ती म्हणाली, "सरांनी लिहून दिलेलं मी इसरले. पन आमच्या गावात टँकर कधी येतो आनि त्याचं पानी कोन नेतं, ते मला म्हाईत हाये. तेच सांगू का?"

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली. मग ती सात मिनिटं बोलली. एकही समास नव्हता. टँकर शाळेजवळच्या विहिरीत रिकामा होतो, आधी पाटलाच्या गड्यांचे पोहरे पडतात, मग गावाचे, आणि वस्तीच्या वाट्याला तळाचा गाळ येतो. तिने आपल्या मंत्र्यांना विहिरीवर उभं करून रांग लावली, पहिल्या दिवशी शिवी खाल्ली, दुसऱ्या दिवशी दगड आला, तिसऱ्या दिवशी रांग लागली. तिसरं बक्षीस मिळालं. परतीच्या एस.टी.त मी म्हणालो, "भाषण विसरलीस ते बरंच झालं म्हणायचं." ती म्हणाली, "नाही सर, ते अजून बी पाठ हाये. म्हणून दाखवू?" आणि शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही.

ही मुलगी खरंच विसरली होती की नव्हती? मी त्या दिवसापासून याच विचारात आहे.

या महिन्यात तिने आणखी एक काम केलं. पाणी भरायच्या पाळ्या तिने आपल्याकडे घेतल्या. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे, जरा जास्तच माहीत आहे. रोज दोन मुलं शाळेचा रांजण भरतात, आणि दोन मुलं हेडमास्तरांच्या व माझ्या घरी घागरी पोचवतात. कोणाला पाठवायचं ते वर्गप्रमुख ठरवायचे. तुमच्या वस्तीतलं पोर कधी निवडलं जायचं नाही. कष्टातून सूट! एवढी एकच सवलत आपण त्यांना न मागता दिली होती. बेबीनंदाने वर्गप्रमुखांची निवड बंद करून हजेरीपटाचा क्रम लावला. ज्याचा नंबर त्याची पाळी. रांजण असो की मास्तरचं घर.

सोमवारी तिचा स्वतःचा नंबर आला, आणि माझं घर आलं. दारात थोडा गैरसमज झाला. ती घागर घेऊन परत गेली. मंगळवारपासून माझ्या आणि रामकिसनरावांच्या घरी पाणी येणं बंद आहे.

थोडाच गैरसमज होता. विशेष काही नाही.

वामन

*

बोरठाण
२६ ऑक्टोबर १९७२

प्रिय तातेराव,

तुमचं कार्ड पोचलं. पाच वर्षांतलं तुमचं पहिलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला फार वेळ लागला नाही, कारण वाक्य दोनच शब्दांचं आहे. "मुद्द्यावर या."

येतो.

त्या सोमवारी मी ओसरीवर दाढी करत बसलो होतो. ती आली. डोक्यावर घागर, तोंडावर घाम. "सर, पाणी आणलं. आत ओतू का?" बाकीची मुलं न विचारता आत जातात, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या हंड्यात ओतून येतात. दुर्गाबाई कधी त्यांच्या हातावर गूळ ठेवतात. हे सगळं तिला माहीत होतं. तरी तिने विचारलं. मी म्हणालो, "तिथंच ठेव. ओसरीवर."

अर्धा चेहरा फेसाने भरलेला माणूस काय म्हणतो याला फारशी किंमत देऊ नये, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

ती उभीच राहिली. म्हणाली, "ओसरीवर ठिवलं तर उन्हानं तापंल, सर. आत ओतते की. बाकीचे आतच ओतून राह्यले ना?" मी म्हणालो, "राहू दे ग." तिने घागर सावरली. मग म्हणाली, "मंग सरांच्या घरी पाण्याची गरज न्हाई. दुष्काळात उगंच वाया कशाला घालवायचं? शाळंच्या रांजणात टाकते." आणि तशीच भरली घागर घेऊन गेली. मी वाटीतल्या पाण्यात माझं तोंड पाहत बसलो.

दुर्गाबाई आतून आल्या. "कोण होतं हो?"

"शाळेतली मुलगी."

"पाणी?"

"घेऊन गेली."

"का?"

मी पुन्हा दाढीला लागलो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर तिच्या हाताने पाळीपत्रक लागलं. त्यात रांजण होता. दोन मास्तरांची घरं नव्हती. खाली लिहिलं होतं: 'घरोघर पाणी पोचवण्याची गरज नसल्याचे दिसून आले.' हे 'दिसून आले' तिने माझ्याकडून उचललेलं आहे. माझ्या प्रत्येक अहवालात ते असतं.

रामकिसनरावांनी तिला बोलावलं. मी तिथे होतो, मंत्रिमंडळाचा मार्गदर्शक म्हणून.

"कोणाला विचारून बंद केलं?"

"कोणाला विचारून सुरू होतं, सर?"

"उलट बोलतीस? शाळंत अशी सेवा करन्यानं पोरांवर संस्कार होतात. तो नियम हाये."

"नियम हाये तर दाखवा. पुन्हा सुरू करते. पन हजेरीच्या नंबरानं. कोणाच्याच नंबराला सोडणार न्हाई."

हेडमास्तर माझ्याकडे पाहू लागले. मी ऑफिसातल्या फळ्याकडे पाहिलं. फळा कोरा होता, तरी पाहिलं.

"प्रार्थनेच्या वेळी माफी मागायची," हेडमास्तर म्हणाले. "सगळ्या शाळेसमोर."

ती म्हणाली, "मागते सर. माझी ना न्हाई. फक्त कशाची ते लिहून द्या. 'मी घागर आत न्यायला निघाले म्हणून' असं लिहून द्या, मी वाचून दाखवते."

रामकिसनरावांनी कागद घेतला, पेन उघडलं, आणि बराच वेळ काही लिहिलं नाही. शेवटी पेन मिटून म्हणाले, "मॅट्रिकचे फॉर्म तीस नोव्हेंबरपर्यंत औरंगाबादला बोर्डात पोचवायचे असतात. त्यावर माझी सही लागते. म्हाईत हाये ना?"

"म्हाईत हाये, सर."

"मंग इचार कर."

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, "अगं, मागून टाक माफी. दोन वाक्यांचं काम आहे. मॅट्रिक जास्त महत्त्वाची."

ती माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मी परीक्षेतलं एखादं अवघड वाक्य आहे आणि तिला त्याचा अर्थ लागत नाहीये. मलाही माझा लागत नव्हता.

आलो ना मुद्द्यावर? अजून एक मुद्दा आहे. तो याच्या मागचा आहे. थोडा वेळ द्या.

वामन

*

बोरठाण
२० नोव्हेंबर १९७२

तातेराव,

आज प्रिय वगैरे काही लिहीत नाही, कारण या पत्रात तुम्हाला काही मागायचं आहे.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर बेबीनंदा माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, आमच्या वस्तीतले एक दाजी म्हणत होते की तातेराव सर असताना शिक्षकांच्या सभेत ठराव झाल्ता. पोरांना मास्तरांच्या घरी पाणी भरायला लावायचं न्हाई म्हणून. सर स्वतः वस्तीत येऊन सांगून गेल्ते. सभेचं तुम्हीच लिहिता ना? प्रोसिडिंगात असंल ना ते?"

मी म्हणालो, "पाहून सांगतो."

पाहून सांगायचं काय होतं, तातेराव? मला पाहायची गरज नव्हती.

जुलै १९६७. ती सभा चारला सुरू झाली. सूचक तुम्ही, अनुमोदक ड्रिलचे वसंतराव. पाच विरुद्ध तीन मतांनी मंजूर. तुम्ही म्हणालात, "एक तर कोणाच्याच लेकरानं पाणी भरू नये, न्हाई तर माझ्या वस्तीतल्या लेकरांनीबी भरावं आणि आत जाऊन भरावं." विरुद्ध मत देणाऱ्यांत मी नव्हतो. मी बाजूने हात वर केला होता. त्याचा मला आजवर अभिमान आहे, आणि त्याच हाताने संध्याकाळी मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा दुर्गाबाई अंथरुणावर होत्या. तिसऱ्यांदा मूल गेलं होतं आणि पाठ धरली होती. विहीर गावाबाहेर. रामकिसनराव घरी आले. त्यांची विचारपूस केली आणि उठता उठता म्हणाले, "पंडितजी, ते पाण्याचं लिहायचं राहून गेलं तरी चालंल. तुमच्या घरची अडचण मला दिसून राह्यली."  नुसता लिहायला बसलो आणि तेवढं राहून गेलं.

हे झालं पाप नंबर एक. दुसरं त्याच्यापेक्षा मोठं. पुढच्या सभेत मागचं वाचून दाखवताना तुम्ही उठून विचारलंत, "माझा ठराव कुठं हाये, वामनराव?" आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मला तसं काही स्मरत नाही."

बाराव्या वर्षापासून संस्कृत पाठशाळेत जे जे पाठ केलं ते मला आजही येतं. कुठूनही विचारा, पुढचं म्हणून दाखवतो. त्या माणसाला तीन आठवड्यांपूर्वीचा ठराव स्मरत नव्हता! तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि खाली बसलात. दुसऱ्या आठवड्यात तुमचा बदलीचा अर्ज गेला. बाकीच्यांना वाटलं जालन्याला मुलांच्या शिक्षणाची सोय आहे म्हणून गेलात.

दुर्गाबाईंना मी सांगितलं होतं की पाणी येतं तो शाळेचाच नियम आहे. परवा त्यांनी हे सगळं माझ्याकडून काढून घेतलं. ऐकल्यावर त्यांनी घागर उचलली आणि विहिरीवर गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "माझी पाठ तीन महिने दुखत होती हो. तुमची पाच वर्षं दुखून राह्यली." त्या औरंगाबादच्या, पण चिडल्या की इथलं बोलतात.

शनिवारी, म्हणजे परवा अठराला, शिक्षकांची सभा झाली. विषय: 'मुख्यमंत्री कु. बेबीनंदा हिच्या वर्तनाबाबत'. रामकिसनरावांनी सांगितलं, माफी नाही तर पद शिवाजीकडे आणि फॉर्मवर सही नाही.  पद गेलं की कडूबा तिला खडीवर नेणार, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

मी उठलो.   म्हणालो, "ती मुलगी नियमाप्रमाणेच वागली आहे. जुलै सदुसष्टला ठराव झाला होता. मी तो लिहिला नाही. आणि नंतर खोटं बोललो."

रामकिसनराव म्हणाले, "पंडितजी, बसा. तब्येत बरी नसंल."

"तब्येत बरी आहे. आज बरी आहे."

"लिहिलेलं नाही म्हंजी झालेला न्हाई. कायदा हाये."

"मग आजची सभाही मीच लिहिणार आहे," मी म्हणालो. "आणि आज काही राहून जाणार नाही. तुम्ही फॉर्मबद्दल जे बोललात तेही."

 मग ड्रिलचे वसंतराव, जे सभेत नेहमी खिडकीबाहेर पाहतात, ते खिडकीबाहेर पाहतच म्हणाले, "मी अनुमोदक होतो. हात वर केल्ता मी. मला बी आठवतं."

तातेराव, पाच वर्षं वसंतराव का गप्प होते? मी का होतो? आम्ही दोघं एकमेकांची वाट पाहत होतो की काय? काही कळत नाही.

शेवटी रामकिसनराव म्हणाले, "बरं. राहिलेला ठराव आजच्या तारखेनं लिहा. पन सूचकाची सही लागंल. सूचक इथं येऊन, माझ्यासमोर सही करंल. अठ्ठावीस तारखेपर्यंत. न्हाई तर मी सांगितलं तसं." तुम्ही येणार नाही याची त्यांना खात्री आहे. मलाही नव्वद टक्के आहे.

म्हणून हे पत्र. मंगळवारी, अठ्ठावीसला, जालन्याहून सकाळची भोकरदन गाडी पकडली तर तुम्ही बाराच्या आत शाळेत पोचता. माझ्यासाठी येऊ नका. मी ते मागण्याच्या लायकीचा नाही, आणि मागितलं तरी तुम्ही द्यावं असं मला वाटत नाही. त्या मुलीसाठी या.

आज मी तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "म्हंजी तुम्हाला आठवत होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

ती एवढंच म्हणाली, "बरं." आणि विहिरीवर रांग लावायला गेली. रागावली का? हलकं वाटलं का? मला माणसांचं वाचता येत नाही, तातेराव. कधीच येत नव्हतं.

वामन

*

बोरठाण
५ डिसेंबर १९७२

प्रिय तातेराव,

फॉर्म एकोणतीसला गेला. वसंतराव स्वतः गाडीने औरंगाबादला जाऊन बोर्डात देऊन आले. पावती घेऊन आले. त्यांनी ती सगळ्यांना दाखवली, पोरगी त्यांचीच असल्यासारखी.

हे तुम्हाला सांगायला हवं होतं म्हणून लिहितोय. बाकीचं तुम्ही स्वतः पाहिलंत, तरी माझ्या बाजूने कसं दिसलं ते सांगू द्या.

साडेअकराला तुम्ही फाटकात आलात. केस पांढरे झालेत तुमचे. मी व्हरांड्यातून दोन पायऱ्या उतरलो आणि थांबलो, कारण पुढे काय करायचं ते ठरवलं नव्हतं. तुम्ही माझ्याजवळून ऑफिसात गेलात. प्रोसिडिंग टेबलावर उघडं होतं. रामकिसनराव म्हणाले, "या या, तातेराव. लई वर्षांनी. चहा घेता का?" तुम्ही म्हणालात, "आधी सही." मग खिसा चाचपलात, आणि माझ्याकडे न पाहता म्हणालात, "पेन द्या."

मी पेन दिलं. पाच वर्षांत आपलं एवढंच बोलणं झालं. मी तर काही बोललोच नाही, म्हणजे खरं पाहता ते तुमचंच बोलणं झालं.

तुम्ही ठराव शेवटपर्यंत वाचलात. मग सही केलीत. पेन परत दिलंत, टोपण लावून. रामकिसनरावांनी तुमच्यासमोरच फॉर्मवर सही केली. अजून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. आता स्वतःच्या घरी पाणी भरतात. विहिरीवर त्यांचा नंबर माझ्या मागे असतो, आणि आम्ही दोघं पुढच्या माणसाच्या पाठीकडे पाहत उभे असतो. मी पहिल्या दिवशी सवयीने पुढे गेलो, तर बेबीनंदा म्हणाली, "सर, रांग तिकडून हाये." सोनूबाई म्हातारी मला आपला नंबर द्यायला निघाली. तिलाही दटावलं, "आजे, तुझा नंबर तुझा. कोणाला वाटत बसू नको." सोनूबाई माझ्यावरच उखडली, "तुमच्यापायी मला बोलनं खावं लागलं, मास्तर."  मी माफी मागितली. तिला ती समजली नाही, आणि ती नेमकी कशाची होती ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

तुमच्यासाठी दुर्गाबाईंनी पुरण घातलं होतं. दुष्काळात पुरण, म्हणजे डाळ कुठून आणली ते मी विचारलं नाही. तुम्ही माझ्याकडे न येता वस्तीत गेलात. बेबीनंदाच्या आत्याकडे जेवलात आणि चारच्या गाडीने निघून गेलात. दुर्गाबाई पाचपर्यंत दारात होत्या. मी त्यांना म्हणालो, "येणार नव्हतेच." त्या म्हणाल्या, "मला म्हाईत होतं. तरी घातलं. तुमच्यासारखं न्हाई माझं."

पुरणपोळी आम्ही दोघांनीच खाल्ली. चांगली झाली होती. त्याचाही मला राग आला.

तुम्ही आलात याचा अर्थ मला माफी मिळाली, असं मी धरून चाललो नाही. मग काय धरून चालावं, ते कळत नाही. तुम्ही एका मुलीसाठी आलात, काम केलंत, गेलात. हे इतकं सरळ आहे की माझ्यासारख्या माणसाला त्याचा अर्थच लागत नाही. मला कसलीही गोष्ट चार पदरी लागते.

कडूबा त्या आठवड्यात वस्तीत आला होता. त्याला कोणीतरी सांगितलं की पोरीचं मंत्रिपद जाता जाता राहिलं. तो शाळेत आला, टोपी हातात धरून. म्हणाला, "गुर्जी, पद गेलं असतं तरी बी मी तिला नेली नसती. मी नुसतं बोलून गेल्तो." मग खाली पाहून म्हणाला, "नेली असती म्हना. ऱ्हाऊ द्या." आणि गेला. यातलं खरं कोणतं? मला वाटतं, त्यालाही माहीत नाही. तेवढ्यापुरता तो आणि मी एका रांगेत आहोत.

आता शेवटचं. खरं म्हणजे एवढ्यासाठीच हे पत्र काढलं.

काल शाळा सुटल्यावर बेबीनंदा वर्गात एकटीच बसली होती. मराठीचा निबंध लिहीत होती. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "तातेराव सर तुमच्याकडे जेवले ना? काही म्हणाले का माझ्याबद्दल?"

"न्हाई सर."

"काहीच नाही?"

तिने लिहिता लिहिता मान वर केली. "मी विचारलं त्यांना. म्हणलं, वामन सर पयले कसे होते? तुम्ही त्यांचे मित्र होते म्हणून."

"मग?"

"जेवत होते. म्हणाले, 'अक्षर चांगलं होतं त्याचं.'"

"बस्स?"

"बस्स. मंग म्हणाले, 'अजून बी हाये. आज पाह्यलं.' आनि अजून एक भाकर मागितली."

ती पुन्हा निबंधाकडे वळली. मी दारात उभा राहिलो. ही शाबासकी म्हणायची, की शिक्षा, की तुम्हाला नुसती भाकर हवी होती? तिला विचारणार होतो. पण तिने खाली मान घालूनच म्हटलं, "सर, उजेडात उभे हायेत. थोडं बाजूला व्हता का?"

मी बाजूला झालो.

वामन